लाल पेन्सिलीनं लिहिलेली तारीख

थूल सर गेल्याचा फोन आला तेव्हा गुरुवारची सकाळ होती आणि मी पुण्यात गॅसवर दूध ठेवून उभी होते. फोन काकूंचा, म्हणजे सरांच्या पत्नीचा होता. काकू फोनवर कधी लांबण लावत नाहीत. "रंजना, सर गेले वं. चहा मागतला, मी करून आणला तं..." एवढंच बोलून त्या थांबल्या. मागे कोणीतरी खुर्च्या सरकवत होतं. मी काहीतरी बोलले असेन, काय ते आठवत नाही. आठवतं ते इतकंच की माझ्या तोंडाशी एक प्रश्न आला होता आणि तो मी कसाबसा आत ढकलला... माझं पत्र आलं का? ज्या बाईचा नवरा तासाभरापूर्वी गेला तिला हे विचारायचं माझ्या मनात आलं, याची लाज मला आज दोन महिन्यांनीही वाटते.

पत्र मी सोमवारी टाकलं होतं. पाच महिन्यांपूर्वी सरांनी मला एक प्रश्न विचारला होता, लेखी, आणि उत्तरही लेखीच मागितलं होतं. प्रश्न एका तारखेचा होता. उत्तर एका ओळीत मावणारं होतं. ती ओळ लिहायला मी पाच महिने लावले आणि ती त्यांनी वाचली की नाही हे मला ठाऊक नव्हतं. पुण्याहून वर्ध्याला येणाऱ्या गाडीत रात्रभर मी बोटांवर वार मोजत बसले. सोमवार, मंगळवार, बुधवार... बुधवारी पोचायला हरकत नव्हती. बुधवारी सर होते.

सर वर्ध्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य शिकवायचे आणि नालवाडीत राहायचे. मी जवळच्याच आंजी मोठी या गावची. वडील सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात राबणारे, आणि आई कापूस वेचायला जायची. घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. वाणिज्य शाखा मी आवडीनं घेतली नाही. विज्ञानाला शिकवण्या लावाव्या लागतात असं सगळे म्हणत आणि त्या आम्हाला झेपणाऱ्या नव्हत्या, म्हणून घेतली. सकाळच्या एसटीनं वर्ध्याला उतरायचं, मागच्या बाकावर बसायचं आणि कोणी काही विचारू नये अशी आशा करायची, असे माझे पहिले दिवस होते. सर आम्हाला 'चिटणिसाची कार्यपद्धती' हा विषय शिकवायला आले. पहिल्याच तासाला त्यांनी खिशातून एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "कचेरीत कागद आला. काय करायचं?" कोणी म्हणालं फोडायचा, कोणी म्हणालं वाचायचा, कोणी म्हणालं साहेबाला नेऊन द्यायचा. सरांनी कानावरची लाल पेन्सिल काढली आणि पाकिटाच्या कोपऱ्यात त्या दिवसाची तारीख लिहिली. "आधी हे. मग बाकी सगळं. कागदावर दोन तारखा असतात. एक लिहिणाऱ्याची, ती तो त्याच्या सोयीनं टाकू शकतो. दुसरी आपली, आपल्याला कळलं त्या दिवसाची. ती आपल्या हातात असते, म्हणून तिच्यात खोट करायची नाही."

ही पेन्सिल वर्गापुरती नव्हती. घरी येणारा प्रत्येक कागद आधी तिच्याखालून जायचा. विजेचं बिल, जयंतीच्या कार्यक्रमाची पत्रकं, विद्यार्थ्यांची पत्रं. काकू वैतागायच्या. "माह्या भावाच्या लग्नाची पत्रिका आली, त्याच्यावरबी तारीख टाकली यायनं. अन् लग्न कोणत्या तारखेले हाये ते पाहाचंच राहून गेलं. हळदीले पोचाचं तं जेवणाच्या पंगतीत पोचलो." सर तेव्हा पेपरमागे तोंड लपवून हसायचे.

पण त्या पेन्सिलीमागे एक गोष्ट होती आणि ती त्यांनी मला एकदाच सांगितली. सरांचे वडील पुलगावकडच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यात, हमाली करायचे. जिनिंग बंद झाल्याची नोटीस एका सकाळी फाटकावर लागली आणि हमाल ती वाचता येणारा माणूस शोधत फिरले. वाचली ती सरांनी, तेव्हा ते सातवीत होते. वाचून झाल्यावर वडिलांनी एवढंच म्हटलं, मॅनेजरच्या घरचं कपाट आणि पलंग तर गेल्या पंधरवड्यातच बैलगाडीतून गेले. सर म्हणाले, "बंद करायचा हक्क मालकाचाच होता, रंजना. कायद्यानं काही चुकलं नव्हतं. पण पलंगाले आधी कळलं आणि माह्या बापाले नंतर." हे सांगताना त्यांचा आवाज चढला नव्हता. ते पेन्सिलीला टोक काढत होते.

बारावीनंतर मला कंपनी सेक्रेटरीच्या परीक्षेला सरांनीच बसवलं. तसं काही शिक्षण असतं हे आंजीत कोणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं. फॉर्म त्यांनी आणला, भरून घेतला, आणि फीचं विचारलं तेव्हा म्हणाले, "तो माहा अन् पोस्टाचा व्यवहार आहे. तू मधात पडू नको." मग चार-पाच वर्षं ते मला पोस्टानं प्रश्न पाठवायचे आणि मी उत्तरं पाठवायची. परत आलेल्या प्रत्येक उत्तरपत्रिकेच्या कोपऱ्यात ती लाल तारीख असायची. मी दोनदा नापास झाले. दोन्ही वेळा त्यांनी पुढच्या आठवड्याचा प्रश्न नेहमीसारखा पाठवला, निकालाबद्दल चकार शब्द न काढता. शेवटी पास झाले आणि पुण्यात एका पंप बनवणाऱ्या कंपनीत लागले, तेव्हापासून सर मला सेक्रेटरीबाई म्हणायला लागले. मी त्यांच्याच टेबलावरून आणलेली लाल पेन्सिल माझ्या कचेरीतल्या टेबलावर ठेवली. शिक्का होता, मशीन होतं, तरी हाती आलेल्या कागदावर मी पेन्सिलीनं तारीख टाकायची. लोक हसायचे. मला बरं वाटायचं.

त्याच वर्षी निवृत्तीच्या रकमेतून सरांनी आमच्या कंपनीचे थोडे शेअर घेतले. आयुष्यात घेतलेले पहिले आणि शेवटचे. सोबत त्यांचे फिरायला जाणारे मित्र गावंडे गुरुजी, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, त्यांनाही घ्यायला लावले. "आंजीच्या शेतात धुऱ्यावर ज्या कंपनीचा पंप चालते त्या कंपनीची सेक्रेटरी आपली पोरगी आहे," असं सर त्यांना म्हणाले होते म्हणे. आणि एका वर्षी तर सर चक्क वार्षिक सभेला पुण्यात आले. निवृत्तीच्या समारंभासाठी शिवलेला कोट घालून तिसऱ्या रांगेत बसले आणि प्रश्नांची वेळ आली तेव्हा उभे राहिले. सभेच्या आधी पूर्ण एकवीस दिवसांची नोटीस मिळायला हवी, मला मात्र ती नालवाडीत बऱ्याच उशिरा मिळाली, हे कसं, असं त्यांनी विचारलं. अध्यक्ष हसून म्हणाले, याचं उत्तर आमच्या सेक्रेटरी देतील. उठताना माझ्या हातून समोरची फाईल खाली पडली. मी सांगितलं की नोटीस पोस्टात टाकल्यावर अठ्ठेचाळीस तासांनी ती पोचली असं कायदा मानतो. सर "धन्यवाद" म्हणून खाली बसले. चहाच्या वेळी मला बाजूला घेऊन म्हणाले, "उत्तर बरोबर होतं. मले पाहून भेली काऊन पण?" आणि मग बशीत चहा ओतत, "कायदा मानते की पोचली. नालवाडीचा पोस्टमन नाई मानत."

ती चेष्टा मी कित्येकांना सांगितली आहे. आता सांगवत नाही.

पुढचं जरा नीट सांगायला हवं, कारण त्यातच सगळं आहे. कंपनीकडे पैसा साठला की कधीकधी ती स्वतःचेच शेअर भागधारकांकडून परत विकत घेते. याला बायबॅक म्हणतात. हे पूर्णपणे कायदेशीर आहे. संचालक मंडळ ठराव करतं, भाव जाहीर होतो, प्रत्येकाला एक प्रस्तावपत्र जातं, लहान भागधारकांसाठी राखीव हिस्सा असतो, आणि ज्याला द्यायचे तो देतो, नाही तो ठेवतो. जबरदस्ती नाही. अट एकच, की घेणाऱ्या कंपनीला भाव बदलून टाकेल अशी एखादी गोष्ट माहीत असेल आणि ती लोकांना सांगितलेली नसेल, तर त्या वेळी असा व्यवहार करायचा नाही. म्हणजे प्रश्न घेण्याचा नसतो, कधी घेता याचा असतो. आणि कधी कळलं हे ठरवणारी, त्याची नोंद ठेवणारी व्यक्ती कंपनीत एकच असते. आमच्याकडे ती मी होते.

बायबॅकचा ठराव व्हायच्या तीन आठवडे आधी माझ्या टेबलावर एक पत्र आलं. शहराच्या कडेला आमच्या जुन्या फाउंड्रीची जमीन होती, ती एक मोठी कंपनी घेऊ पाहत होती. पत्रात आकडा नव्हता, पण कोण घेतंय हे वाचलं तरी कळत होतं की ही जमीन विकली गेली तर शेअरचा भाव कुठल्या कुठे जाईल. मी सवयीनं लाल पेन्सिल उचलली. तेवढ्यात व्यवस्थापकीय संचालक केबिनमधून आले, पत्र पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "यावर अजून तारीख टाकू नका मॅडम. हे बोलणं आहे नुसतं. वकिलांना विचारून घेऊ." ते रागावले नव्हते. चांगल्या स्वभावाचे गृहस्थ होते, माझ्या आईच्या ऑपरेशनच्या वेळी स्वतःहून रजा देणारे. मी पेन्सिल खाली ठेवली. दोन दिवसांनी वकिलांचं मत आलं... प्रस्ताव बंधनकारक नाही, म्हणून ती अजून माहिती नाही, शक्यता आहे. आणि त्या मताच्या आधारे संचालक मंडळापुढचं टिपण मीच लिहिलं. ते मत चुकीचं होतं असं मी आजही छातीठोकपणे म्हणू शकत नाही. कायद्याच्या पुस्तकात त्याला जागा सापडते. पण ज्या दिवशी ते पत्र आलं तो दिवस कंपनीच्या कुठल्याही कागदावर राहिला नाही, आणि तो राहू नये म्हणून माझ्या हातानं पेन्सिल खाली ठेवली, हे खरं आहे.

मग ठराव झाला, जाहिरात झाली. सरांकडे ई-मेल नव्हता. त्यांनी कंपनीला कार्ड लिहून प्रस्तावपत्राची छापील प्रत मागवली, ते कार्ड माझ्याच टेबलावर आलं आणि प्रत मीच पाठवली. चार-पाच दिवसांनी दुपारी त्यांचा फोन आला.

"सेक्रेटरीबाई, तुमचा कागद आला. मंगळवारी. तारीख टाकली."

"हो सर."

"शेअर वापस मागून राह्यले तुमी लोक. देऊ का ठेवू?"

"सर, मला यावर काहीच बोलता येत नाही. नियम आहे."

ते हसले. "बरोबर. मी विचारलं हेच चुकलं. पर्यवेक्षकालेच उत्तर विचारल्यासारखं झालं." आणि फोन ठेवता ठेवता, "शेवटच्या पानावर नाव तुहंच आहे ना वं?"

"तीन नावं आहेत सर. त्यातलं एक माझं."

"पाहिलं. काकूलेबी दाखवलं."

'ठेवा' हा शब्द दोन अक्षरांचा आहे. तो बोलणं गुन्हा होता आणि मी तो बोलले नाही. त्याबद्दल मला अपराधी वाटत नाही, कारण ते सरांनीच शिकवलेलं होतं. माझा अपराध त्याच्या आधीचा आहे. त्या पत्रावर तारीख पडली असती तर बायबॅक थांबला असता, आणि सरांना मला फोन करायची वेळच आली नसती.

सरांनी सगळे शेअर देऊ केले. मला हे काकूंकडून नंतर कळलं. वर्ध्याच्या दलालानं त्यांना म्हटलंही, सर, थांबून पाहा, घाई काय आहे. सर म्हणाले, "माह्या विद्यार्थिनीच्या नावाचा कागद आहे. तिच्या कंपनीनं मागतले, मी काय नाई म्हणू?" दुसऱ्या कोणी हा हिशेब असा केला नसता. कंपनी शेअर मागते आहे म्हणजे पोरगी मागते आहे, आणि पोरीनं पहिल्यांदाच काही मागितलं आहे... इतकं साधं होतं ते त्यांच्या मनात. गावंडे गुरुजी तयार नव्हते, सरांनी त्यांनाही सोबत नेलं. राखीव हिश्शामुळे दोघांचे जवळजवळ सगळे शेअर स्वीकारले गेले. परत घेतलेले शेअर नष्ट करतात आणि तसं प्रमाणपत्र काढावं लागतं. त्यावरही माझी सही आहे.

अडीच महिन्यांनी जमिनीचा करार जाहीर झाला. भाव दुपटीच्या पुढे गेला. गावंडे गुरुजींनी ते शेअर नातीच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी म्हणून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरताना ते सरांना म्हणाले, "तुह्या पोरीनं आपल्याले बरोबर टोपी घातली, मास्तर." सर म्हणाले, सगळं कायद्यात आहे, तारखा पाहा. गुरुजी म्हणाले, "कायदा तुह्या पोरीचा, अन् टोपी माह्या डोक्यावर," आणि तिथूनच मागे फिरले. पुन्हा ते सरांकडे आले नाहीत. रोज सकाळी एकत्र चहा घेणारी ही दोन म्हातारी माणसं, एक आमच्या आंजीच्या बाजूचा शेतकऱ्याचा मुलगा आणि एक जिनिंगमधल्या हमालाचा. वर्षानुवर्षांची सोबत एका सकाळीत संपली.

तारखा पाहा, असं सर गुरुजींना म्हणाले होते. मग घरी येऊन त्यांनी स्वतःच त्या पाहिल्या. आठवड्यानं मला पत्र आलं. फुलस्केप कागद, मध्ये रेघ ओढलेली. एका बाजूला 'घडलं', दुसऱ्या बाजूला 'कळलं'. संचालक मंडळाची सभा, जाहिरात, प्रस्तावपत्र, जमिनीचा करार... प्रत्येकासमोर दोन तारखा, त्यांच्या सरळ अक्षरात. सगळ्यात वरची ओळ होती 'जमिनीचं पहिलं बोलणं', आणि तिच्यासमोरचे दोन्ही रकाने कोरे. खाली लिहिलं होतं, "चि. रंजना, हे कायद्यात बसतं का, असं मी विचारत नाही. बसत असेल. वरच्या ओळीत तुला कळलं ती तारीख तेवढी भरून पाठव. ती जाहिरातीच्या नंतरची असेल तर मी गावंडेच्या दारात जाऊन ती त्याला दाखवीन. आधीची असेल तरी पाठव." त्या 'तरी'वर माझी नजर किती वेळा थांबली ते मला सांगता येणार नाही. मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. खोटी तारीख भरणं मला जमलं नाही आणि खरी भरण्याचं धाडस नव्हतं. पर्समध्ये तो घड्यांवर फाटायला आला.

मधे एकदा आईला पाहायला आंजीला आले होते तेव्हा नालवाडीला गेले. सरांच्या पायांवर सूज होती, डॉक्टरांनी हृदयाचं सांगितलं होतं. खोली तशीच. खिडकीपाशी टेबल, त्यावर जुन्या पावडरीच्या डब्यात पेन्सिली, भिंतीला टांगलेल्या फायली. मला वाटलं, आता विचारतील. त्यांनी विचारलं नाही. आईची तब्येत विचारली, एसटीला गर्दी होती का विचारलं. काकूंनी चहा आणला आणि म्हणाल्या, "गावंडे भाऊजी येत नाई आता. सवयीनं कप मांडते अन् मंग उचलून ठेवते." सर खिडकीबाहेर पाहत होते. मी कपातल्या चहाकडे पाहत होते. मी बोलू शकले असते. दार लोटलेलं होतं, आम्ही तिघंच होतो, तारीख मला पाठ होती... निघताना सर फाटकापर्यंत आले, हळूहळू, भिंतीला हात लावत. म्हणाले, "सावकाश लिहिजो. पण लिहिजो."

त्यानंतरही मी सात आठवडे घेतले. मग एका रविवारी बसून ती ओळ लिहिली. खरी तारीख, आणि तिच्यापुढे, 'सर, मला आधी कळलं होतं.' सोमवारी सकाळी पोस्टात गेले. स्पीड पोस्टची खिडकी उघडी होती, समोर कोणीही नव्हतं. मी साधं तिकीट लावलं आणि पाकीट पेटीत टाकलं. मनात काय होतं ते लिहून टाकते... साध्या टपालानं गेलं तर त्यांनी ते वाचायच्या आधी मला आणखी दोन-तीन दिवस मिळतील, असं होतं.

शुक्रवारी सकाळी मी नालवाडीत पोचले तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. सरांचा फोटो, मेणबत्ती, पांढऱ्या साडीत बसलेल्या काकू. मी पाया पडले, त्यांनी पाठीवर हात ठेवला. पत्राचं त्या काही बोलल्या नाहीत आणि मी विचारलं नाही. शनिवारी दुपारी बाहेरच्या खोलीत चार माणसं बसली होती. शेवटच्या खुर्चीवर, दारापाशी, गावंडे गुरुजी होते. ते आदल्या दिवशीही आले होते आणि कोणाशी न बोलता तीन तास बसून गेले होते. फाटकाशी सायकल थांबली आणि पोस्टमननं "थूल सर" अशी हाक दिली. त्याला माहीत नव्हतं. काकू उठल्या, पाकीट घेतलं. मी माझं अक्षर लांबूनच ओळखलं. काकू आतल्या खोलीत गेल्या, टेबलाशी उभ्या राहिल्या, डब्यातून लाल पेन्सिल काढली, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि पाकिटाच्या कोपऱ्यात तारीख लिहिली. सवयच होती ती त्या घराची. मग ते न फोडता त्यांनी टेबलावर ठेवलं.

मी आत गेले. म्हटलं, काकू, ते माझं आहे.

"दिसलं मले."

मी सगळं सांगितलं. जमिनीचं पत्र, खाली ठेवलेली पेन्सिल, पाकिटातली तारीख. त्या ऐकत होत्या, पदरानं टेबलावरची धूळ पुसत. माझं संपल्यावर म्हणाल्या, "मले सांगून काय करतं आता. मी थोडी विचारलं होतं." आणि थोड्या वेळानं, "रोज पोस्टमनची वाट पाहत होते. जेवाले बसले तरी कान फाटकाकडं."

बाहेर येऊन मी गुरुजींपाशी बसले. त्यांनाही सांगितलं. मला वाटलं होतं ते रागावतील, निदान मला काहीतरी बोलतील. गुरुजींनी मान खाली घातली. "मी त्याच्याशी पाच महिने नाई बोललो, पोरी," ते म्हणाले. "त्याचं काय करू, ते सांग."

ती नोकरी मी सोडली आहे. जे माझ्या हातून झालं ते जिथं कळवायला हवं तिथं मी सही करून कळवलं आहे. त्याची पोच आली. चौकशी होईल, वकिलांचं मत पुढे येईल, आणि शक्यता म्हणजे माहिती नव्हे असं ठरेलही. ठरलं तर मला आश्चर्य वाटणार नाही. नाही ठरलं तरी नष्ट झालेले शेअर परत येत नाहीत, आणि गावंडे गुरुजी आता एकटेच फिरायला जातात. आईला अजून कळत नाही की मी एवढी चांगली नोकरी का सोडली. ती म्हणते, सर असते तर तुला समजावलं असतं.

सरांच्या स्मरणार्थ पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता, त्याला पुन्हा गेले तेव्हा खोली झाडून ठेवली होती. डब्यातल्या पेन्सिली तशाच होत्या, एकीचं टोक तुटलेलं. मी काकूंना म्हटलं, ते पाकीट मला द्या, तुम्हाला त्याचा त्रास होईल. काकूंनी मान हलवली. "आलेला कागद वापस जात नसते. ते म्हणत." त्यांनी भिंतीवरची फाईल काढून मला दाखवली. सर आपल्या प्रत्येक पत्राची कार्बन प्रत ठेवायचे. त्या फुलस्केपचीही होती, वरच्या ओळीतले दोन रकाने कोरे असलेली. तिच्या मागेच काकूंनी माझं पाकीट लावलं होतं. बंद.

सभेच्या नोटिशीचा तो अठ्ठेचाळीस तासांचा नियम मी मनातल्या मनात माझ्या पत्राला लावून पाहते. नियमानं माझं उत्तर बुधवारी सकाळी पोचलेलं आहे. त्या वेळी सर खिडकीपाशी खुर्चीत बसून पेपर वाचत होते, असं काकू सांगतात. पाकिटाच्या कोपऱ्यात, लाल पेन्सिलीनं, काकूंच्या वाकड्या अक्षरात शनिवारची तारीख आहे.